माल कोणाचा अन् गिऱ्हाईक कोण?



मागच्या जिल्हा बैठकीत चहाच्या सुट्टीत एका भाऊंनी मला मांडवाच्या कडेला घेतले. सात एकर कोरडवाहू, चार एकरांत कपाशी, उरलेल्यात तूर आणि ज्वारी. मुलगा बी.एस्सी. अ‍ॅग्री झाला आहे. आता म्हणतो एमबीए करतो, त्यात मार्केटिंग घेतो. कॉलेज खासगी. दोन वर्षांची फी, खोली, खानावळ मिळून सहा लाखांच्या वर जाते. भाऊ म्हणाले, "रस्त्याकडचा दीड एकराचा तुकडा मागून राहिले लोक. देऊन टाकू का? अन् एवढं सांगा, त्या मार्केटिंगमध्ये कापूस विकाचं शिकवतात का?"

पहिल्या प्रश्नाला मी तिथेच 'नको' म्हणालो. दुसऱ्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नव्हते, म्हणून लिहून देतो असे कबूल केले. मी स्वतः अ‍ॅग्रीचा पदवीधर. चार वर्षे मला पिकवायचे शिकवले. विकण्यावर अर्थशास्त्राचा एक पेपर होता, तो परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड वाचून सुटला. पुढे एका औषध कंपनीत पाच वर्षे ज्यांच्या हाताखाली काढली ते सगळे मार्केटिंगवाले एमबीए होते. तेव्हा हा विषय मी थोडा पुस्तकातून आणि पुष्कळसा मोटारसायकलवरून पाहिला आहे.

शिक्षण असते दोन वर्षांचे. पहिल्या वर्षी सगळ्यांना सगळे: हिशेब, अर्थशास्त्र, माणसे हाताळणे, कायदा, थोडे आकडेशास्त्र. मधल्या उन्हाळ्यात दोन महिने एखाद्या कंपनीत उमेदवारी. दुसऱ्या वर्षी फाटा फुटतो. कोणी फायनान्स घेतो, कोणी एचआर, कोणी ऑपरेशन्स. आणि आपल्याकडच्या कॉलेजांत ज्याला काय घ्यावे ते सुचत नाही तो मार्केटिंग घेतो. त्यात ग्राहकाचे वागणे, ब्रँड, जाहिरात, विक्री आणि वितरण, बाजाराची पाहणी असे पेपर असतात. अलीकडे मोबाइलवरून विकण्याचा भागही मोठा झाला आहे.

या सगळ्याच्या बुडाशी एक चौकट आहे. जेरोम मॅकार्थी या अमेरिकन प्राध्यापकाने ती १९६० साली मांडली आणि १९६७ साली निघालेल्या फिलिप कोटलर यांच्या जाडजूड पुस्तकाने ती जगभर नेली. प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन. माल कसा करावा, किंमत काय लावावी, कुठे विकावा आणि त्याचा डांगोरा कसा पिटावा. या चार खुंट्या विकणाऱ्याने आपल्या हातात धरायच्या आणि गिऱ्हाईक बघून पिळायच्या.

आता या चौकटीत कपाशीवाल्याला बसवून पाहा. माल? बियाणे पाकिटातून येते, ते कंपनी ठरवते. बोंड किती भरेल ते पाऊस ठरवतो. किंमत? यार्डात गाडी लावून आपण विचारतो, "काय भाव हाय आज?" साबणवाला दुकानात जाऊन दुकानदाराला कधी विचारतो का, बाबा रे, माझ्या वडीचे काय देतोस? जागा? जवळची बाजार समिती, नाहीतर दारात टेम्पो घेऊन आलेला खेडा खरेदीवाला. डांगोरा तर शून्यच. चारांतली एकही खुंटी आपल्या हातात नाही. शेतकऱ्याचा मुलगा ते पुस्तक वाचतो तेव्हा स्वतःला विकणाऱ्याच्या जागी ठेवून वाचतो. त्याच पानावर त्याचा बाप दुसऱ्या रकान्यात, गिऱ्हाईक म्हणून उभा आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही. ध्यानात यावे अशी पुस्तकाची इच्छाही नसते.

गंमत अशी की हा विषय जन्मला तोच शेतकऱ्याच्या ओरडीतून. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातला गहू-मका पिकवणारा शेतकरी १८७० पासून रेल्वे, धान्याची कोठारे आणि शिकागोचे व्यापारी यांच्या नावाने बोंबलत होता. शेतात एक भाव, शहरात भलताच. मधले जाते कुठे? या प्रश्नाचा माग काढताना तिथल्या विद्यापीठांत या विषयाचे वर्ग सुरू झाले. १९०२ साली मिशिगन विद्यापीठात निघालेला वर्ग पहिल्यांपैकी एक. मग विस्कॉन्सिन, मिनेसोटा, म्हणजे शेतीवर जगणाऱ्या राज्यांची विद्यापीठे. मिनेसोटात लुई वेल्ड नावाचा प्राध्यापक धान्य, लोणी, अंडी कुठून निघून कुठे पोचतात आणि वाटेत कोणाच्या हाती काय पडते, हे शोधत फिरला. त्याचे १९१६ सालचे पुस्तक या शास्त्राच्या पहिल्या पुस्तकांत मोजतात, आणि त्याचे नावच 'शेतमालाचे मार्केटिंग' असे आहे.

वेल्डने जे काढले ते शेतकऱ्यांना रुचणारे नव्हते. तो म्हणाला, मधला माणूस काम करतो. माल गोळा करतो, प्रत लावतो, साठवतो, पैसा अडकवून ठेवतो, नुकसानीचा धोका घेतो. दलाल हटवला तरी हे काम हटत नाही. ते कोणीतरी करावेच लागते. मला हे पटते, आणि आपल्या सभेत पटत नाही हेही ठाऊक आहे. इतकी वर्षे आपण अडत्याला शिव्या घातल्या. त्याचे काम शिकून घेणारे आपल्यात किती निघाले?

पण वेल्डचा पुढचा प्रवासही पाहा. विद्यापीठ सोडून तो एका बड्या मांस कंपनीच्या संशोधन विभागाचा प्रमुख झाला आणि तिथून जाहिरात कंपनीत गेला. विषयही त्याच्या मागोमाग गेला. आधी गहू होता, मग डबाबंद मांस आले, मग साबण, मग मोटारी. पन्नास वर्षांत शेतकरी पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून उतरला आणि आत कुठल्याशा शेवटच्या प्रकरणात जाऊन बसला.

आपल्याकडेही बाजाराचा अभ्यास खरेदीदारानेच आधी केला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, आणि त्या दशकात इंग्रज सरकारने मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी रिव्हेट-कार्नॅक नावाचा कॉटन कमिशनर नेमला. खामगाव आणि हिंगणघाटचा बाजार, सडका, भेसळ, सगळे त्याने टिपून ठेवले. १८७० साली खामगावला रेल्वे आली. १८८६ साली कारंज्याला देशातला पहिला नियमनाखालचा कापूस बाजार झाला. लिव्हरपूलमध्ये वऱ्हाडी कापसाला उमरावतीवरून 'ऊमरा' म्हणत. म्हणजे ब्रँड आपल्या गावाचा होता, पण त्या नावाची किंमत किती हे लिव्हरपूलवाल्याला माहीत होते, बैलगाडीवाल्याला नव्हते.

स्वातंत्र्यानंतर १९६१ साली कलकत्ता आणि अहमदाबादला सरकारी व्यवस्थापन संस्था निघाल्या. अहमदाबादच्या संस्थेमागे विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई होते, दोघेही कापड गिरण्यांच्या घराण्यांतले, आणि मदत होती हार्वर्डची. कापसाच्या पैशाने वाढलेल्या शहरात ही संस्था उभी राहिली, हे आपण विसरू नये. तिथे शेतीचाही विभाग आहे आणि शेती-व्यवसायाचा वेगळा अभ्यासक्रमही आहे. तिथले पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई यांनी १९७२ साली खुर्ची सोडली आणि पुढे राजस्थानात जवाजा भागातल्या विणकर आणि चामडे कमावणाऱ्यांबरोबर काम केले. माल कसा करावा, कोणाला विकावा, हे त्या लोकांनी स्वतः ठरवायला शिकावे, असा तो प्रयत्न होता. असा माणूस त्या संस्थेत होऊन गेला, म्हणून सगळ्यांना एका दावणीला बांधत नाही. पण आज तिथल्या दोन वर्षांची फी पंचवीस लाखांच्या आसपास आहे. एवढे पैसे भरून बाहेर पडलेला पोरगा जवाजाला जाईल की बँकेत, हे सांगायला जोतिषी नको.

आता 'ग्रामीण मार्केटिंग' नावाचा पेपर असतो त्याबद्दल. नाव वाचून आपल्याला वाटते, यात गावाचा माल बाजारात कसा न्यावा ते असेल. उघडून पाहा. बाजारातला माल गावात कसा न्यावा ते आहे. शाम्पूची पुडी एक रुपयाची का करावी, भिंत कुठली रंगवावी, जत्रेत गाडी कुठे लावावी, बचत गटाच्या बाईला विक्रेती कशी करावी. २००४ साली सी. के. प्रल्हाद यांचे पुस्तक आले. उतरंडीच्या तळाशी असलेल्या गरिबांत केवढी मोठी बाजारपेठ दडली आहे, हा त्याचा विषय. त्याची जगभर वाहवा झाली. गरीब विकत काय घेईल याचा हिशेब झाला. तो जे विकतो त्याचे काय, यावर तेवढी शाई सांडली नाही.

एक अपवाद सांगतो. आयटीसी कंपनीची ई-चौपाल, २००० साली मध्य प्रदेशात सोयाबीनपासून सुरू झाली. गावात संगणक, आदल्या संध्याकाळी भाव, चोख काटा, रोकडा चुकारा. तिच्यावर परदेशातल्या शाळांतूनही धडे लिहिले गेले. शेतकऱ्याला फायदा झाला, नाही म्हणत नाही. पण तिथेही भाव लावणारी कंपनीच. पोरांना तो धडा शिकवताना, कंपनीला कच्चा माल स्वस्त आणि नीट कसा मिळाला, असा शिकवतात. त्याच चौपालवर बसलेल्या शेतकऱ्याने काय केले असते तर आणखी पन्नास रुपये मिळाले असते, असा गृहपाठ कोणी देत नाही.

आता माझी पाच वर्षे. २००३ ते २००८. कंपनीचे नाव सांगत नाही, सगळ्या सारख्याच होत्या. वरच्या साहेबांजवळ आपल्या तालुक्याचा नकाशा होता. कुठल्या आठवड्यात पहिली वेचणी होते, चुकारा किती दिवसांनी हातात येतो, लग्नसराई कधी, पोळ्याला कोण किती खर्च करतो, कोणत्या गावात कोणाच्या शब्दावर दहा जण औषध बदलतात, सगळे टिपलेले. बँकेच्या मॅनेजरला आपल्या खिशातली जेवढी खबर नव्हती तेवढी त्या तिशीतल्या पोराला होती. मला महिन्याचे टार्गेट मिळे. दुकानदाराला 'स्कीम' मिळे: एवढे खोके उचल, थायलंडची सहल. मी बांधावर जाऊन पान उलटून दाखवायचो, मावा, तुडतुडा, पांढरी माशी. आणि शिफारशीच्या पुस्तकात जे औषध होते ते न सांगता स्कीममध्ये जे होते ते सांगायचो. हे मी केले आहे. लिहायला लाज वाटते, तरी लिहितो.

पुढे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसवर शेतकरी आणि शेतमजूर गेले. बाटली गावात शेवटच्या दुकानापर्यंत पोचवण्याची तजवीज चोख होती. मास्क आणि हातमोजे बाटलीच्या मागोमाग पोचले नव्हते, कारण ते कोणाच्याच टार्गेटमध्ये नव्हते.

किमतीच्या पेपरात एक धडा असतो तोही सांगतो. पोरांना शिकवतात, किंमत खर्चावरून काढू नका. गिऱ्हाईकाला फायदा किती होईल असे वाटते त्यावरून काढा. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. ४५० ग्रॅमचे पाकीट १६०० रुपयांच्या वर गेले. बियाणे करायला तेवढे लागत होते म्हणून नव्हे. फवारणीचे किती वाचतील याचा हिशेब करून त्यातला वाटा पाकिटावर छापला होता. २००६ साली आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेले तेव्हा ते ७५० वर आले. आणि आपल्या मालाचा भाव कसा निघतो? आयोग बसतो, नांगरटीचे इतके, खुरपणीचे इतके, घरच्या मजुरीचे इतके, असे चिल्लर मोजून वर टक्का लावतो, आणि तोही यार्डात मिळेलच असे नाही. विकणारा तो असला की किंमत फायद्यावरून, विकणारे आपण असलो की खर्चावरून. हे दोन हिशेब एकाच देशात एकाच पिकाला लागतात. ही गोष्ट मला सोळा वर्षांच्या शाळा-कॉलेजात कोणी सांगितली नाही. कंपनीच्या हॉटेलातल्या मीटिंगमध्ये कळली.

एक शर्ट घ्या, दुकानात १५०० रुपयांचा. कापड पाव किलो. सूत काढताना जाणारी घट धरली तरी त्यात एक किलोच्या आत कापूस गेला. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये, म्हणजे तो मिळालाच तर आपले ८१ रुपये. उरलेल्यात जिनवाला आहे, सूतगिरणी आहे, विणणारा, शिवणारा, रंगारी, दुकानाचे भाडे, कर, सगळे आहे. ते फुकटे नाहीत. पण शर्टाच्या कॉलरीमागे जे दोन बोटांचे लेबल आहे त्याचा वाटा आपल्या कापसाहून मोठा निघतो, आणि ते लेबल म्हणजेच ही दोन वर्षांची पढाई. ज्वारीचेही तेच. लहानपणी ज्वारीची भाकर गरिबाची, पाहुणा आला की पोळी. २०२३ साली भरडधान्यांचे जागतिक वर्ष झाले, केंद्राने 'श्री अन्न' नाव दिले, शहरातल्या डॉक्टरने भाकरी खा म्हणून सांगितले. आता ज्वारीचे पोहे चकचकीत पाकिटात हमीभावाच्या कित्येक पटीने विकतात. संकरित ज्वारीचा २०२५-२६ चा हमीभाव ३६९९, म्हणजे किलोला ३७ रुपये. ज्वारी तीच, तिच्याबद्दलचे मत बदलले. मत बदलण्याचे पैसे ज्याने बदलले त्याला मिळाले.

कोणी म्हणेल, हे शेतकऱ्याच्या आवाक्यातले नाही. अमेरिकेतल्या कापूसवाल्यांचे ऐका. १९६० नंतरच्या पंधरा वर्षांत पॉलिएस्टरने तिथला कापडाचा बाजार असा खाल्ला की कापसाचा वाटा निम्म्याच्याही खाली आला. १९६६ साली शेतकऱ्यांनी कायदा करून घेतला: दर गाठीमागे आपण वर्गणी देऊ. आज ती गाठीला एक डॉलर आणि वर किमतीचा अर्धा टक्का अशी आहे. १९७० साली त्यातून 'कॉटन इन्कॉर्पोरेटेड' ही संस्था उभी राहिली. तिच्यावर त्यांनी पुढारी बसवला नाही. 'रीडर्स डायजेस्ट'मध्ये जाहिराती विकणारा ड्यूक्स वूटर्स नावाचा माणूस पगारावर आणला. १९७३ साली कापसाच्या बोंडाची खूण निघाली. ती कपड्यावर दिसली की गिऱ्हाईकाला कळावे, हा कापूस आहे. पुढे बाहेरून कापूस आणि कापड आणणाऱ्यांकडूनही वर्गणी वसूल होऊ लागली. तिथल्या शेतकऱ्याला सरकारी सबसिडी किती मिळते तो हिशेब वेगळा आणि तो आपण पुष्कळदा मांडला आहे. पण सबसिडी खात बसूनही त्यांनी विकणारा माणूस नेमला, हे घ्या.

आपल्याकडे १९७२ पासून तीस वर्षे एकाधिकार खरेदी होती. भांडवल निधी म्हणून, भावचढउतार निधी म्हणून आपल्या चुकाऱ्यातून कपात झाली. त्या तीस वर्षांत वऱ्हाडच्या कापसाची एक तरी जाहिरात तुम्ही पाहिलीत? खाते भरले ग्रेडरनी आणि चेअरमननी. आता २०२० साली केंद्राने 'कस्तुरी' नावाने भारतीय कापसाचा ब्रँड काढला. चांगली गोष्ट. त्याचा ठसा गाठीवर बसतो, म्हणजे जिनच्या दारात. त्या दाराच्या अलीकडे उभ्या असलेल्यांपैकी कितींनी हे नाव ऐकले आहे, येत्या सभेत हात वर करून मोजू.

सभेत एक आक्षेप हमखास येतो: भाव तर सरकार पाडते, मग मार्केटिंग शिकून काय करायचे? खरे आहे. १९ ऑगस्ट २०२५ ला केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले आणि मग ती सूट वर्षअखेरपर्यंत लांबवली. हंगाम तोंडावर असताना. कोटलरचे पुस्तक तोंडपाठ असते तरी ते थांबले नसते. त्याला रस्त्यावरच उतरावे लागते. पण गिरण्यांच्या संघटना तशी मागणी आधीपासून करीत होत्या. त्यांच्याकडे कापसाच्या गरजेचे, बाहेरच्या भावाचे आकडे मांडणारी पगारी माणसे असतात. आपण निवेदन देतो ते "शेतकरी उद्ध्वस्त होईल" एवढेच म्हणते. आकडा मागितला की एकमेकांकडे बघतो.

आणि थोडे आपल्याही माप टाकतो. २०२२ च्या सुरुवातीला कापूस दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात आपण सगळ्यांनी तोच भाव मनात धरून कापूस घरात भरला; अंगाला खाज सुटली, उंदीर लागले, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात सात हजारांच्या आसपास काढला. त्या साली बाहेरच्या बाजारात काय चालले होते हे बघणारा आपल्यात कोण होता? भाव पाहणे, साठ्याचा अंदाज घेणे, वायद्याचा आकडा वाचणे, हेही त्या अभ्यासक्रमात असते. ते विष नाही, हत्यार आहे. मी स्वतः त्या साली मे महिन्यापर्यंत थांबलो होतो, म्हणजे शहाणपण शिकवायचा मला अधिकार कमीच.

दुसरे. गिरणी कापूस घेत नाही. ती रुईचा उतारा, धाग्याची लांबी, मायक्रोनेअर आणि ओलावा घेते. सीसीआय ८ ते १२ टक्के ओलाव्यापर्यंत घेते, तेही कापून. वर गेला की गाडी परत. आपण पहिल्या वेचणीचा पांढरा कापूस आणि फरदडीचा कवडीयुक्त कापूस एकाच खोलीत लोटतो, काही जण वरून पाणी मारतात, आणि मग म्हणतो व्यापारी सगळ्याला एकच भाव लावतो. तो मूर्ख नाही. ढिगात जे वाईटात वाईट आहे त्याचा भाव तो लावतो. आता हिशेब धरा. क्विंटलमागे रुई ३४ किलो आणि सरकी ६४ किलो. उतारा एका किलोने वाढला, म्हणजे रुई ३५, सरकी ६३. रुई किलोला १५० आणि सरकी ३५ धरली तर क्विंटलमागे ११५ रुपये जास्त. वीस क्विंटलवाल्याला ते २३०० रुपये. त्यासाठी कोणी जिनशी भांडायला जात नाही. पण पन्नास जणांचा हजार क्विंटल एकाच वाणाचा, वेगळा वेचलेला, वेगळा ठेवलेला असेल तर ते एक लाख पंधरा हजार होतात, आणि ते मागायला उताऱ्याचा कागद हातात घेऊन बोलणारा एक माणूस लागतो. भाऊंच्या मुलाने व्हायचे असेल तर तो माणूस व्हावे.

अडचण अशी की त्या माणसाला आपण पोसत नाही. शेतकरी उत्पादक कंपन्या गावोगाव निघाल्या. २०२० च्या केंद्राच्या योजनेत व्यवस्थापकाच्या पगाराला महिन्याला २५ हजारांपर्यंत मदत आहे, तीही तीन वर्षे. सहा लाखांचे कर्ज डोक्यावर असलेला पोरगा त्या पगारात टिकत नाही; साबणाची, औषधाची कंपनी त्याला जास्त देऊन नेते. मग आपण संचालकाचा भाचा नेमतो, आणि तिसऱ्या वर्षी कंपनीच्या दाराला कुलूप. अमूलच्या दुधाचे सगळे गोडवे गातात. वर्गीस कुरियन यांनी १९७९ साली आणंदला इर्मा ही संस्था का काढली, हे कमी जणांना माहीत असते: सहकारी संघांना शिकलेली, पगारी, शेतकऱ्याच्या बाजूने विकणारी माणसे पुरवायला. दूध विकायला दूधवाल्यांनी माणसे घडवली. कापसाने आणि ज्वारीने घडवली नाहीत.

तर भाऊ, आता तुमचे उत्तर. शेत विकू नका. मुलाला अडवूही नका. ज्या कॉलेजात जायचे म्हणतो तिथे तुम्ही स्वतः जा आणि दोन गोष्टी विचारा. एक, मागच्या दोन वर्षांत मार्केटिंग घेऊन बाहेर पडलेली पोरे आज कुठे आहेत, नावानिशी. फलकावरचा सर्वांत मोठा पगार नको, मधल्या पोराचा सांगा. दुसरी, शेतमाल विकण्याचा पेपर आहे का आणि तो कोण शिकवतो, त्याने कधी जिनमध्ये पाय ठेवला आहे का. उत्तर देताना साहेब आवंढा गिळतील तर चहा घेऊन परत या. शेतमालाच्या बाजूने शिकवणाऱ्या जागा आहेत: आणंदची इर्मा, हैदराबादची मॅनेज, पुण्याची वैकुंठ मेहता संस्था. प्रवेश कठीण आहे, परीक्षा द्यावी लागते, एक वर्ष वाया गेले तरी चालेल. त्या वर्षात मुलाला जिनवर ठेवा, ग्रेडरच्या शेजारी. ओलाव्याचे यंत्र कसे धरतात, उतारा कसा काढतात, सौदा कोणत्या शब्दांत होतो, हे त्याने पाहावे. एका जिनमालकाशी मी बोललो आहे. तो ठेवून घ्यायला तयार आहे, पगार देणार नाही, जेवण देईन म्हणतो. मुलगी असती तरी हेच सांगितले असते. वेचणीचा माल वेगळा ठेवण्याची अक्कल घरात बाईलाच जास्त असते.

येत्या जिल्हा बैठकीला प्रत्येकाने मागच्या दोन हंगामांच्या काटापट्ट्या घेऊन याव्या, फाटक्या असल्या तरी. कापसाच्या वेगळ्या, ज्वारीच्या वेगळ्या. कोणत्या तारखेला, कोणत्या बाजारात, काय भाव, किती काट, सगळे एका वहीत उतरवायचे आहे. लिहायला दोन पोरे लागतील. भाऊंचा मुलगा येणार आहे, आणखी एक पाहिजे.